कणगाईचा दुबुडी शेर

वर बघा, मंडळी. गाभाऱ्याच्या दारावर साखळीला पितळेचा जो टांगलाय, तो घंटा म्हणून वाजवू नका. परवाच एका पाहुण्यांनी वाजवला आणि वर आवाज येत नाही म्हणून तक्रारही केली. तो शेर आहे, धान्य मोजायचं माप. आत डोकावलंत तर तळापासून दोन बोटं वर एक खाच दिसेल. त्या खाचेत बसणारी चकती खाली कणगाईदेवीच्या पायाशी ठेवली आहे. आमच्या पिंपरवाडीत आणि आसपासच्या दहा गावांत कपटाला 'दुबुड' म्हणतात, तो शब्द या शेरातून निघाला.

फार मागची गोष्ट. तेव्हा या देवळाच्या ओवरीत बांबूची, शेणानं लिंपलेली एक मोठी कणगी होती, असे सांगतात. सुगी झाली की प्रत्येक घरानं तिच्यात जोंधळा घालायचा आणि पेरणीच्या तोंडावर ज्याच्या-त्याच्या रानाप्रमाणे बियाणं परत न्यायचं. ते धान्य देवीचं. त्यातला दाणा दळून खाल्ला, तर त्या घराला पुन्हा कणगीचं बियाणं मिळत नसे. मोजून देण्याघेण्याचं काम ज्योत्याजी मापाऱ्याकडे होतं. माणूस दिसायला देखणा, आवाज खणखणीत. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही रीत. त्यानं "लाभ!" म्हटलं की खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जाई म्हणे.

गावात चिमा नावाची कुंभारीण होती. नवरा गेलेला, पदरी दोन मुली, आणि कुंभारकीच्या वतनातली एवढीशी पट्टी. दोन वर्षं तिचं बियाणं पेरताना कमी पडलं. शेवटचे चार तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, मोकळे राहिले. गाव कुजबुजू लागलं की चिमानं देवीचं बियाणं खाल्लं. पंचांनी बजावलं, यंदाही रान मोकळं दिसलं तर कणगी तुला बंद. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मुलींना उपाशी झोपवलं होतं, पण त्या बियाण्याला हात लावला नव्हता.

खरी गंमत अशी, की बियाणं सगळ्यांचंच कमी पडत होतं. पण सांगणार कोण? जो तो आपल्याच घरात संशय घेत होता. नवरा बायकोला विचारी, सासू सुनेच्या डब्यात डोकावे. वर रान नीट दिसावं म्हणून सगळे विरळ पेरत, आणि चिमाच्या रानाकडे बोट दाखवत. ती एकटी दाट पेरून मोकळी व्हायची. लपवाछपवी तिला जमतच नव्हती.

तिसऱ्या वर्षी बियाणं न्यायला सारं गाव ओवरीत जमलं, चिमाही पाटी घेऊन आली. ज्योत्याजीनं मोजलं, "लाभ! दोन! तीन!" आणि घाम पुसायला शेर खाली ठेवला. आता कुंभारणीचा हात कुठला गप्प बसतो? मडकं विकायच्या आधी ते बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं, हा तिचा जन्माचा धंदा. समोर भांडं दिसलं, हात गेला. टक् वाजायला हवं होतं, तिथं वाजलं भद्द.

चिमा भाबडेपणानं म्हणाली, "मापारी, शेराला चीर गेलीया का वो? आवाज बसलाय त्येचा."

ज्योत्याजीनं शेर असा झडप घालून उचलला, की तिथं बसलेले गावचे पाटील उभे राहिले. त्यांनी तो मागून घेतला, आत हात घातला, आणि पितळी पत्रा ठोकलेली लाकडी चकती बाहेर आली. धान्य घेताना चकती काढायची, देताना बसवायची! काही जण सांगतात, त्या वेळी देवीची घंटा आपोआप वाजली. मला विचाराल तर वारा असावा, पण मी देवीशी वाद घालत नाही.

"ह्येला दोन बुडं हायती!" पाटील ओरडले.

मग धोंडाबाई नावाची एक म्हातारी उठली, नवऱ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आता सांगा, बियाणं कुनी खाल्लं?" म्हातारबाबांनी कान धरले. मग इकडे एकानं धरले, तिकडे दुसऱ्यानं. सासवा सुनांच्या पाया पडायला निघाल्या. ओवरीत इतकं हसू उसळलं, की खुद्द मापाऱ्याला कुठं बघावं ते कळेना.

त्याच्या परसात जमिनीखालच्या पेवात लपवलेलं धान्य निघालं. सगळ्यांची तूट भरूनही उरलं, त्यात जोंधळा देऊन घेतलेली गव्हाचीही दोन पोती होती. पंचांनी शिक्षा सुचवायचा मान चिमाला दिला. ती म्हणाली, "गव्हाची खीर करा. समदं गाव जेवंल. मापाऱ्याला मी वाढीन, त्येच्याच शेरानं."

दिवसभर गावाची तूट मोजून देता देता ज्योत्याजी भुकेनं कासावीस झाला होता. चिमानं चकती बसवलेला शेर काठोकाठ भरून पुढ्यात ठेवला. त्यानं तो चाटूनपुसून संपवला आणि खाली मान घालून म्हणाला, "पोट भरलं न्हाई."

"का वो? भरून तर दिला."

पंगत हसली. ज्योत्याजीही हसला, आणि हसता हसता रडला. त्यानं स्वतःच्या हातानं चकती उपसली आणि शेर पुढे केला. चिमानं तो शिगोशीग भरला. त्या वर्षी तिच्या रानात एकही तास मोकळा राहिला नाही.

मागे कॉलेजातले एक गुरुजी आले होते. ते म्हणाले, इंग्रजीत कपटाला 'डुप्लिसिटी' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशीही 'दुहेरी'च आहे. म्हटलं, म्हणजे तिकडेही कुणी मापारी होऊन गेला असणार!

आजही आमच्या बाजारात गिऱ्हाईक आधी माप ठोकतं, मग पिशवी उघडतं, आणि विकणाऱ्याला राग येत नाही. आजही जत्रेला मापाऱ्याच्या घरातला वडील माणूस पहिल्या पंगतीला बसतो. कुंभारवाड्यातली लेक त्याला चकतीच्या शेरानं खीर वाढते, आणि "पोट भरलं न्हाई" असं त्यानं साऱ्या गावादेखत म्हणायचं असतं. गेली एकवीस वर्षं ते मी म्हणतोय. मी केरबा मापारी, ज्योत्याजीच्याच घरातला. पहिल्या वर्षी लाजेनं घास गिळवेना. आता वर्षभर त्या दिवसाची वाट बघतो. चार वर्षांपासून मला वाढणारी कुंभाराची लेक माझी सून आहे. होकार देण्याआधी माझ्या पोरालाही तिनं ठोकून पाहिलं असणार. मी चकती उपसून शेर पुढे केला, की ती खीर माझ्या मनगटावरून ओघळेपर्यंत भरते.