सटवाची पायली

फार फार वर्षांमागे कोथळगव्हाणात सटवा पाथरवट राहायचा. त्याच्या हाताखाली दगड लोण्यासारखा कापला जायचा, असं म्हणतात.

गावच्या तळ्याच्या बांधात लेख कोरलेला एक जुना दगड होता. तळं कुणी खणलं, पाणी कुणाकुणाचं, ते त्यावर लिहिलेलं. पाटलांना नव्या घराला उंबरा हवा होता, त्यांनी नेमका तोच दगड दाखवला. सटवाला वाचता येत नव्हतं. पण तो दगड कसला आहे हे पोरासोरांना ठाऊक होतं, तसं त्यालाही होतं. तरी त्याने तो काढला, अक्षरं तासून गुळगुळीत केला आणि पाटलांच्या दारात बसवला.

पुढे दुष्काळ पडला. पाटलांनी खालच्या वस्तीला तळं बंद केलं. वस्तीतली ठकूबाई चावडीवर आली. म्हणाली, "पाणी आमचंबी हाय. दगडावर लिवलंय."

"मग दाव दगड," पाटील म्हणाले.

माणसं बांधावर गेली. तिथे नुसता खळगा. सटवा गर्दीतच उभा होता. तो मागच्या मागे घरी निघून गेला.

त्या उन्हाळ्यात वस्ती डबक्यातलं गढूळ पाणी प्यायली आणि ठकूबाईची नात दगावली.

शेवटी सटवा ठकूबाईच्या दारात गेला. मान वर न करताच म्हणाला, "आक्का, दगड म्या तासला."

"मला काय सांगतूस? चावडीवर सांग."

त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. पाटील हसले. "बरं, त्यावर लिवलं काय हुतं, ते तर सांग!"

ते सटवाला सांगता येईना. अख्ख्या गावात कुणालाच धड येईना. मग गावाच्याही माना खाली गेल्या.

ठकूबाईला एक ओळ आठवत होती. ती घोकत सटवा निघाला. लहानपणी लेख ऐकलेल्या गावच्या लेकी जिथे जिथे दिल्या होत्या, तिथे तिथे गेला. कुणा म्हातारीच्या जात्यावरच्या ओवीत एक ओळ मिळाली, कुणा कुंभाराला तळं खणणाऱ्यांची नावं तोंडपाठ निघाली. लोक भाकरी द्यायचे. तो आधी आपण केलेलं पाप सांगायचा, मगच घास मोडायचा. लेख पुरा झाला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते.

परत येऊन त्याने लिहित्या माणसाकडून अक्षरं आखून घेतली आणि लेख बांधाजवळच्या कातळात कोरला. शेवटचं अक्षर झालं आणि भर उन्हाळ्यात कातळाच्या अक्षराअक्षरातून पाणी पाझरलं, असं म्हणतात. गावोगावच्या म्हाताऱ्या साक्षीला आल्या होत्या. त्यांनी एका सुरात लेख म्हटला, तेव्हा पाटलांना तळं मोकळं करावं लागलं.

आता पार वाकलेल्या ठकूबाईने पहिली ओंजळ सटवापुढे धरली. त्याने तोंड फिरवलं. मरेपर्यंत त्याने त्या तळ्याचं पाणी ओठाला लावलं नाही.

आजही सुगी झाली की कोथळगव्हाणात घरटी एक पायली धान्य निघतं. तिला सटवाची पायली म्हणतात. त्या धान्यावर गावातलं एक तरणं माणूस वर्षभर दारोदार फिरतं, जुने कागद गोळा करतं, म्हाताऱ्यांचं बोलणं लिहून घेतं. ते सगळं चावडीतल्या कपाटात राहतं, आणि कपाटाला कुलूप नाही. यंदा कुंभारांची लेक निघाली आहे. निघणाऱ्याने आधी कातळापाशी उभं राहून गावाला विचारायचं असतं, "आपण काय लपवलंय?"

कुणीतरी उठून बोलेपर्यंत कुणी घरी जात नाही.