वाऱ्याने वाटलेलं पुस्तक

तिबेटमधल्या एका गावात जाम्पेल गुरुजी मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवत आणि गावाची खरी हकिगत लिहीत. सरकारच्या लेखी हे दोन गुन्हे होते. तुरुंग मात्र एकच दिला, एवढी काटकसर.

तुरुंगाधिकारी फानसाहेब म्हणाले, "पुस्तक कोणी वाचलं त्यांची नावं सांगा आणि उद्या घरी जा. नाहीतर आणखी सात वर्षं."

वाचणारे सगळे गुरुजींचेच विद्यार्थी. गुरुजींनी एकही नाव दिलं नाही.

मग साहेबांनी जप्त केलेल्या प्रती अंगणात त्यांच्यासमोर पेटवल्या. डोंगरावरचा वारा भन्नाट. राख भिंत ओलांडून बाजारावर उडाली.

"संपलं तुमचं पुस्तक, मास्तर! आता तरी बोला, कोणी वाचलं?"

"साहेब, आम्ही प्रार्थना कापडी पताकांवर छापून डोंगरावर बांधतो. त्यांना शिवून आलेला वारा ज्याच्या अंगावरून जातो, त्याला प्रार्थना पोचली असं मानतो. मला चार प्रती वाटताना धाप लागली. तुम्ही सकाळीच अख्ख्या जिल्ह्याला वाटून मोकळे झालात. घ्या लिहून, जो श्वास घेतो तो वाचक. पहिलं नाव तुमचं घाला, सगळ्यात जास्त धूर तुमच्याच नाकात गेलाय."

पहारेकऱ्यांना एकदम खोकला आला.

सात वर्षं वाढली. शिवाय गुरुजींच्या कोठडीची खिडकी विटांनी बुजवण्याचा हुकूम निघाला. एवढं बलाढ्य सरकार वाऱ्याला घाबरतं, हे असं सहीशिक्क्यानिशी कबूल झालं.

विद्यार्थ्यांची नावं कोणालाही कळली नाहीत. गुरुजींना मात्र पुढे सात वर्षं वारा लागला नाही.