काजळीच्या छातीतली टिटवी

त्या रानात जी जखम डोळ्यांना दिसे, तिलाच जखम म्हणत. पाय मोडला तर कळप थांबे, शिंग तुटलं तर लेपाला पाला येई. पण रक्त न सांडता कोणी खचलं, तर त्याला ढोंगी ठरवून सगळे मोकळे होत.

काजळी नावाची हरिणी वणव्यातून वाचली होती. अंगावरचा एक केसही जळला नव्हता. तरी वाळकं पान सरकलं की ती उधळायची आणि धाप लागून कोसळायची. पाणवठ्याकडे जाणं तर तिनं सोडूनच दिलं, कारण तिथला वेळू वाऱ्यानं आगीसारखा तडतडे. दव चाटून ती कशीबशी जगत होती. तिचं दूध आटत चाललं आणि पाडसाच्या बरगड्या दिसू लागल्या.

रानातल्या वैद्यसभेत घुबडांचा शब्द अखेरचा असे. त्यांनी काजळीला दुरूनच न्याहाळलं आणि सांगितलं, "अंतःक्षोभजन्य भयविकार." काजळीनं मान डोलावली आणि ती जाळीत शिरली.

सभेत नव्यानंच आलेली राखी बगळी तिच्यामागे गेली. "काय म्हणाले ते, कळलं का गं?"

"कळलं," काजळी म्हणाली. "मला वेड लागलंय."

 बगळी तडक नदीवर गेली, चोचीत ओला चिखल भरून आणला, परत गेली, परत आणला. जाळीतला सपाट खडक लिंपून झाला, तेव्हा तिनं चोचीनं त्यावर एक हरिणी काढली आणि तिच्या छातीत एक वाघ.

"माझ्या आत वाघ आहे?" काजळी किंचाळली आणि पळून गेली.

बगळी चित्राकडे बघत राहिली. आपण आपल्याच मनचं काढलं, तिला विचारलंच नाही, हे तिला लागलं. चिखल वाळून तडकला होता. तिनं नवा आणला.

"चुकलं माझं," काजळी जाळीत परतली तेव्हा ती तिला म्हणाली. "आत काय होतं, ते तूच सांग."

काजळी म्हणाली, "ओरडा होतो. पळ, पळ, म्हणून."

बगळीनं ओल्या चिखलानं वाघ पुसला आणि तिथं लांब पायांची टिटवी काढली. "ही तुझी राखणदार. वणवा आला तेव्हा हिनंच ओरडून तुला उठवलं. पण वणवा विझल्याचं हिला अजून पटलेलं नाही. म्हणून पान हललं तरी ओरडते."

"मग हाकलून दे तिला!"

"आणि खरी आग लागली तर?"

काजळीनं नाक चित्राजवळ नेलं. "एवढीशीच आहे होय," ती पुटपुटली.

तेवढ्यात थोरलं घुबड खडकावर उतरलं. पंज्यांनी त्यानं सगळं चित्र खरवडून टाकलं. "शास्त्राला चिखल फासतेस? पुन्हा दिसलीस तर सभेत जागा नाही."

 घुबड उडून गेल्यावर बगळी चिखल आणायला निघाली.

त्यानंतर खडकावर वाट उमटली, वेळू उमटला, पाणी उमटलं. चित्रात जिथवर खूर काढला असेल, तिथवर काजळी चालून जाई. टिटवी ओरडली की ती थांबे. काही दिवस ती जाळीबाहेर पडलीच नाही. त्या दिवसांतही बगळी चोच भरून येई.

शेवटी एका सकाळी काजळी पाण्याच्या काठाशी उभी राहिली. पाडस तिच्या पायांना चिकटलं होतं. वारा वेळूत घुसला आणि तडतड सुरू झाली. काजळीचं अंग ताठरलं. बगळीच्या चोचीपर्यंत शब्द आले. तिनं ते गिळले.

काजळीनं वेळूकडे पाहिलं. मग आभाळाकडे. धूर कुठेच नव्हता. तिनं मान वळवून आपल्याच छातीशी नेली आणि झोपेत दचकलेल्या लेकराला थोपटावं तशा आवाजात म्हणाली, "ऐकलं गं बाई, ऐकलं. बघून घेतलंय मी. बस आता."

आणि तिनं पाण्याला तोंड लावलं.