राजाच्या मांडीवरची झोप

पूर्वी शोणावती नगरीत चंडवर्मा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अमात्याच्या रूपाने जन्माला आले होते. राजा शूर होता आणि रागीट होता, आणि दोन्हींचा अभिमान बाळगून होता. अमात्य शांत होते. त्यांच्या एका शब्दावर मांडलिक राजे खंडणी पाठवीत. घरात मात्र त्यांचे कोणी ऐकत नसे, कारण घरात एक मांजरी होती.

तिचे नाव चंद्रलेखा ठेवले होते. त्या नावाला तिने कधी ओ दिली नाही. अमात्यांनी तिच्यासाठी रेशमी गादी करून घेतली, तर ती गादी ज्या टोपलीतून आली त्या टोपलीत ती झोपू लागली. काल चाटूनपुसून खाल्लेल्या माशाकडे ती आज अशी पाही, जणू कोणी तिचा अपमान केला आहे. दार बंद असले की ओरडे, उघडले की उंबरठ्यावर बसून विचार करी. शोणावतीचा अमात्य दाराची कडी धरून विचारी, “आत की बाहेर?”

अमात्यांची पत्नी विशाखदत्ता एकदा म्हणाली, “अहो, सीमेवरचं सैन्य हलवता तुम्ही. ही हलत नाही?”

“सैन्याला आज्ञा कळते,” अमात्य म्हणाले.

“हिलाही कळते. म्हणून तर बसून राहते.”

त्या मांजरीला आणखी एक सवय होती. उंचावर ठेवलेली वस्तू दिसली की ती जवळ जाई, घरातल्या माणसाच्या डोळ्यांत पाही आणि पंजाने ती वस्तू हळूहळू कडेला सरकवी. वस्तू पडली की तिचे काम संपले. अमात्यांच्या घरातले सगळे कोनाडे रिकामे होते ते वैराग्यामुळे, असे पाहुण्यांना वाटे.

सकाळी राजवाड्यात जायच्या वेळी ती अमात्यांच्या पालखीत आधीच जाऊन बसलेली असे. तिला उतरवण्यापेक्षा घेऊन जाणे सोपे पडे.

एके दिवशी राजवाड्यात आकांत झाला. ज्या स्फटिकपात्रातील जलाने शोणावतीच्या राजांना अभिषेक होत आला होता, ते देवघरात फुटून पडले होते. तिथली दिवाबत्ती पाहणारी तरला नावाची दासी तेवढी आत गेली होती. तिला बांधून कारागृहात टाकण्यात आले. ती रडत सांगत होती, “मी हात लावला नाही हो!” पण हे सगळेच म्हणतात, असे म्हणून पहारेकऱ्यांनी ते सोडून दिले. पात्र फोडणाऱ्याला मरणाची शिक्षा होती.

त्या राज्यात असा नियम होता की मृत्युदंड राजाने सिंहासनावरून उठून, उभे राहून सांगायचा. बसून सांगितलेला दंड ग्राह्य नसे. हा नियम का केला हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तो कोणी मोडतही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा उभा राहणार होता.

अमात्य घरी आले. मांजरी त्यांच्या मांडीवर येऊन पसरली. तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांच्या बोटाला काहीतरी टोचले. शेपटीच्या केसांत स्फटिकाची कपची अडकली होती.

त्यांनी ती दिव्याच्या उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी ती पत्नीला दाखवली.

विशाखदत्तेचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “हिनं केलं. तुम्ही का मरायचं?”

“हिला पालखीतून मी नेलं.”

“कुणाला ठाऊक आहे?”

“तुला, मला आणि हिला. आणि ती पोर उद्या मरेल.”

सकाळी सभा भरली. तरला हात बांधलेल्या स्थितीत उभी होती. अमात्य टोपली घेऊन पुढे आले आणि म्हणाले, “महाराज, पात्र माझ्या मांजरीने फोडले. तिला वाड्यात मी आणले. दंड मला व्हावा.” त्यांनी कपची राजासमोर ठेवली.

राजा हसला. “अमात्य, दासीला वाचवायला मांजरीवर आळ घालता? दाखवा तुमचा अपराधी.”

अमात्यांनी टोपली उघडली. सकाळी आत जायला नकार देणारी मांजरी आता बाहेर येईना. सगळी राजसभा एका टोपलीकडे पाहत थांबली. अखेर ती बाहेर आली, अंग ताणले, सेनापतींचा जोडा हुंगून नापसंत केला आणि सरळ सिंहासनाच्या हातावर जाऊन बसली. तिथे राजाचा सोन्याचा पानडबा होता.

तिने राजाच्या डोळ्यांत पाहिले. डबा थोडा सरकवला.

“नको,” राजा म्हणाला.

तिने आणखी सरकवला.

“मी सांगतो आहे, नको!”

डबा खणखणत पायऱ्यांवरून खाली गेला. आता कोणालाच शंका उरली नाही. अमात्य खरे बोलले होते, आणि खरे बोलून मरणार होते. राजाचा चेहरा लाल झाला. उठण्यासाठी त्याने दोन्ही हात टेकले.

तेवढ्यात मांजरी त्याच्या मांडीवर उतरली. तिने राजवस्त्र पंजांनी तुडवून मऊ केले, स्वतःभोवती फिरली, अंगाचे वेटोळे केले आणि झोपली.

राजा अर्धवट उठलेला तसाच थबकला. मग सावकाश खाली बसला.

“अमात्य,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “ही झोपली.”

“होय महाराज.”

“मग?”

“महाराजांनी उठावे. ती आपोआप उतरेल.”

राजाने खाली पाहिले. मांजरीने पंजा नाकावर ओढून घेतला होता. ज्याने भरल्या नदीत हत्ती घातले, त्या राजाने किंचित गुडघा हलवून पाहिला आणि पुन्हा स्थिर केला. “थोडे थांबू,” तो म्हणाला.

सभेत कोणी हलले नाही. शोणावतीच्या त्या दालनात रणवाद्ये वाजली होती, स्तुतिपाठक गायले होते. त्या दिवशी तिथे मांजरीची घुरघुर तेवढी ऐकू येत होती, आणि म्हातारे सरदार श्वास धरून ती ऐकत होते. खांबांच्या सावल्या सरकल्या. राजाचा पाय बधिर झाला. नकळत त्याचा हात तिच्या पाठीवर गेला आणि फिरू लागला.

“हिला माझी भीती कशी वाटत नाही?” त्याने विचारले.

“तिला अजून कोणी दुखावलेले नाही, महाराज. समोरच्याला मांडी असते, एवढेच तिला माहीत आहे.”

राजाने मान वर केली. तरला थरथरत होती. तिच्या बांधलेल्या हातांवर त्याची नजर गेली.

“तिचे दोर सोडा,” तो म्हणाला. “हळू. आवाज करू नका.”

मांजरी आपल्या सवडीने उठली, जांभई दिली आणि मागे न पाहता निघून गेली. मग राजा उभा राहिला. पाय लटपटत होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्या ओठांवर होत्या, कारण आता दंड सांगता येणार होता.

“उभा तर राहिलो,” राजा म्हणाला, “पण जो बोलणार होता तो आता इथे नाही. अमात्य, घरी जा. पात्र नवे घडवता येईल.”

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. भिक्खू पिंगल तक्रार घेऊन आले होते की विहारातली मांजरी त्यांच्या अंगावरचे चीवर नखांनी फाडते, तिला हाकलावे.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचा राजा तो हा पिंगल. दासी तरला ती आजची भिक्खुणी सोमश्री. अमात्याची पत्नी ती आपल्याला रोज भिक्षा वाढणारी उपासिका धनवती. अमात्य मी होतो.”

“आणि मांजरी?” पिंगलांनी विचारले.

“मांजरी तीच. आपल्याला सुधारायला इतके जन्म लागले. तिला तशी गरज वाटली नाही.”

पिंगलांनी चीवराची फाटकी कड हातात घेतली आणि दुमडून आत खोचली.

शास्ते म्हणाले, “उठण्याचे बळ अंगात असताना दुसऱ्याच्या झोपेसाठी बसून राहणे, याला क्षांती म्हणतात.”