टिटवीचे पान कोणाला?

नदीकाठच्या एका जंगलात, गोट्यागोट्यांच्या वाळवंटात, एक टिटवी राहत असे. तिने उघड्यावरच चार अंडी घातली होती. एके दिवशी रानडुक्कर पाण्यावर जाताना त्याच्या खुराखाली एक अंडे फुटले. उरली तीन. डुकराची वाट तर रोज तिथूनच जायची. टिटवीच्या जिवाला घोर लागला, कारण तिची तक्रार ऐकायला जंगलात न्यायाधीशच नव्हता. जुने घुबड थकून घरी बसले होते.

पण मुलांनो, नवा न्यायाधीश दुसऱ्याच दिवशी निवडायचा होता. तिथली रीत अशी, की उमेदवारांनी वडाखाली बसायचे आणि प्रत्येकाने आपल्याला हव्या त्या उमेदवारापुढे पळसाचे एक पान ठेवायचे. ज्याच्यापुढचा ढीग मोठा, तो न्यायाधीश. सकाळपासून नुसती धांदल उडाली होती. माकडे पाने तोडून खाली टाकत होती, खारी ती पळवत होत्या, मोरांनी सगळी सावली अडवली म्हणून ससे कुरकुरत होते. उमेदवार दोनच : कोल्हा आणि कासव.

अंड्यांवर नवऱ्याला बसवून टिटवी धावतपळत आधी कोल्ह्याकडे गेली. "कोल्होबा, निकाल माझ्या बाजूने द्याल ना?"

"अगं, विचारतेस काय? लागलाच म्हण. डुकराला नदीपलीकडे हाकलतो."

टिटवी हरखली. मग तिने कासवालाही विचारून पाहिले.

कासवाने हळूच मान बाहेर काढली. "बाई, डुकराचं म्हणणं मी अजून ऐकलं नाही. जागाही पाहिली नाही. आत्ताच काय सांगू?"

"माझं अंडं फुटलं, आणि तुम्हाला अजून ऐकायचंच आहे?"

"हो. दोघांचंही."

टिटवी फणकारली. आपल्याएवढे मोठे पान चोचीने ओढत ती कोल्ह्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे बघते तर डुक्कर.

"टिटवीबाई, कशाला दमता?" डुक्कर हसत म्हणाले. "कोल्होबांनी मला शब्द दिलाय. वाट माझीच राहणार. तुम्हीच आता दुसरी जागा बघा."

टिटवीच्या चोचीतले पान गळून पडले. "मला तर म्हणाले, तुम्हाला हाकलतो."

"कधी?"

"आत्ताच."

मागून ससा म्हणाला, "मला म्हणाले, बीळ तुझंच."

"कोणतं बीळ?" साळिंदराने काटे फुलवले. "तेच ना, जे मला द्यायचं कबूल केलंय?"

झाले. रांगेत एकच गलका उठला आणि पाहता पाहता अख्खी रांग कासवाकडे वळली. टिटवीने पान उचलले, डुकराने उचलले, दोघांनी ती एकाच ढिगावर ठेवली. कावळा मोजायला आला, तेव्हा कोल्ह्यापुढे पाच पाने होती आणि कासव तर पानांखाली दिसेनासेच झाले होते.

कासव निवडून आले, ते थेट नदीकडे निघाले. त्याच्या चालीने सारे जंगल मागोमाग. पोहोचल्यावर त्याने डुकराला विचारले, "अंडं का तुडवलंस?"

"इथे अंडी नव्हतीच. बाई खोटं बोलतात."

कासवाने टिटवीच्या नवऱ्याला बाजूला व्हायला सांगितले. "आता वाकून बघ. किती अंडी दिसतात?"

डुकराने नाक वाळूला टेकवले. दिसले ते गोटेच. सशाला दिसेना, मोराला दिसेना. मग टिटवी तीन पावले पुढे जाऊन अंड्यांपाशी उभी राहिली, तेव्हा कुठे सगळ्यांना ती तीन अंडी दिसली. अगदी गोट्यांच्याच रंगाची, तशीच ठिपक्यांची.

कासव म्हणाले, "टिटवी खरं बोलली. डुक्करही मुद्दाम खोटं बोललं नाही, त्याला अंडं दिसलंच नव्हतं. म्हणून शिक्षा नाही. पण पिल्लं पळू लागेपर्यंत त्याने जांभळीखालच्या उताराने पाण्यावर जावं. जागा आता ठाऊक झाली आहे. यापुढे इथे पाऊल पडलं, तर तो गुन्हा."

टिटवीला तर डुक्कर नदीपलीकडे गेलेले हवे होते. तसे म्हणायला तिने चोच उघडली. तेवढ्यात तिला डुक्कर दिसले. ते एकेक खूर जपून उचलत, खाली पाहत पाहत, मागे सरत होते. टिटवीने चोच मिटली आणि ती आपल्या अंड्यांवर जाऊन बसली.

तात्पर्य : जो ऐकण्याआधीच आपल्या बाजूने निकाल कबूल करतो, तो न्यायाधीश व्हायला लायक नसतो; जो दोघांचे ऐकून आणि स्वतः पाहून मगच बोलतो, त्यालाच निवडावे.