डब्याखालचं नाव

एका गावात एक भोळा नवरा होता. तसे सगळेच असतात, पण हा जरा जास्तच. नाव शिरपा. लहानपणी कुणीतरी म्हणालं होतं, "शिकलेलं विसरू नये, गाठ मारून ठेवावी." तेव्हापासून काही शिकला की गडी खांद्यावरच्या टॉवेलला गाठ मारायचा.

त्याच्या बायकोचा, आक्काताईचा, एकुलता एक भाऊ पार जर्मनीत. त्याला अकरा वर्षांनी मुलगा झाला होता आणि आज त्याचं बारसं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. बाराच्या मुहूर्ताला आक्काताई फोनवरून नाव सांगणार होती. कोणतं, ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. घुगऱ्या शिजल्या होत्या, शेजारणींना आवतण गेलं होतं.

आणि नेट अडकलं. सकाळी फोन लावून बघितला, तर पडद्यावर भाऊ आ वासून तसाच.

"अहो, कंपनीला विचारा की! आज नेट गेलं तर माझा मान गेला!"

शिरपानं आपल्या बटणांच्या फोनवरून विचारलं. कंपनीची बाई म्हणाली, "सर, वायफायचा डबा उंच, मोकळ्या जागेत ठेवा."

शिरपानं वायरी उपटल्या, चिंचेवर चढला, शेंड्याला डबा बांधला. होतं नव्हतं ते नेटही गेलं.

"अवो, काय हे!" आक्काताई ओरडली. "जोडलेली वस्तू जागची हलवायची नसती!"

"बरं," शिरपा म्हणाला. गाठ मारली. डबा खाली आणून परत जोडला.

थोड्या वेळानं दावं ताणून शेळीनं घुगऱ्यांच्या पातेल्यात तोंड घातलं. शिरपा शेजारीच बसला होता. दाव्याला जोडलेली वस्तू! त्यानं पातेलं जरा तिच्याकडं सरकवलं.

आक्काताईनं कपाळावर हात मारला. "फुकट खाणाऱ्याला हाकलायचं असतं, हो!"

"बरं." दुसरी गाठ. आक्काताईनं दुसरं पातेलं चुलीवर चढवलं.

साडेअकरा झाले. नेट अजून रांगतच होतं. शिरपानं परत फोन लावला.

"सर, इथून तपासते. नाव काय?"

"शिरपा."

"तुमचं नाही, नेटचं."

"त्याचं कुठं बारसं केलंय?"

आक्काताई चुलीपासून खेकसली, "केलंय मीच! शेजारपाजारचे फुकटात नेट वापरतात म्हणून चिडून ठेवलंय. कुणी नाव विचारलं की डबा उलटा करायचा आणि खालची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. ध्यानात ठेवा!"

"बरं." तिसरी गाठ. शिरपानं डबा उलटा करून चिठ्ठी वाचली. कंपनीच्या बाईनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "सर, तुमच्या नेटला अकरा फोन जोडलेत. एवढा भार सोसत नाही."

तोवर शेजारणी येऊन बसल्या होत्या. हातात वाट्या, मांडीवर फोन. शिरपानं मोजल्या. दहा. सगळ्या घुगऱ्या खात होत्या, आणि त्याही फुकट! त्यानं दुसरी गाठ चाचपली आणि काठी उचलली.

"हैक! हैक!"

बाया वाट्यांसकट पळाल्या. आक्काताई फोन खुर्चीवर टाकून त्यांच्यामागं धावली. "अहो चंपावैनी, थांबा! अहो, त्यांना काय कळतंय!"

दहा फोन दाराबाहेर गेले आणि नेट कसं, वाऱ्यावानी पळायला लागलं. बरोबर बाराला खुर्चीवरचा फोन वाजला. शिरपानं उचलला. जर्मनीत भावजयीनं फोन बाळाच्या कानाला लावून धरला होता.

"आक्के, मुहूर्त टळतोय!" भाऊ लांबून ओरडला. "नाव सांग! लवकर, नाव!"

नाव विचारलं! शिरपानं तिसरी गाठ चाचपली. डबा उलटा केला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं,

"फुकट्या, लांब हो!"

सबंध दिवसात हेच एक वाक्य कुठंही न अडकता जर्मनीला पोचलं.

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बाया परत आल्या आणि ती रीत त्यांनी शिरपाच्या पाठीवर पुरी केली. आक्काताईनं दोनदा.

पोरगा आता पाच वर्षांचा आहे. कागदावर त्याचं नाव शार्दूल, पण हाक मारतात फुकट्या. आक्काताईला अजून रडू येतं. पण बोलणार काय? नाव आत्यानंच ठेवलेलं होतं.