सुतकात वळलेला दोर

ऐका बाळांनो. फार वर्षांपूर्वी, आगगाडीची शिटी या मुलखात अजून कुणी ऐकली नव्हती तेव्हा, बोरखडीच्या ओढ्यापलीकडे दोर वळणाऱ्यांचं एक घर होतं. घरात थोमा होता, त्याची बायको सलोमी होती, थोरला योना होता आणि धाकटी रिबका होती. चौघं येशूला मानायची. रविवारी ओढ्याकाठच्या कुडाच्या देवळात जायची आणि बाकीचे दिवस दोर वळायची. थोमा पीळ द्यायचा, सलोमी वाख, म्हणजे अंबाडीच्या सालीचे धागे, पुरवायची, आणि दोघं मिळून भजन म्हणायची. सलोमीचा आवाज असा, की ओढ्याअलीकडची गुराखी माणसं हातातली भाकरी तशीच धरून ऐकत राहायची, असं म्हणतात.

एका कार्तिकात गावात पटकी शिरली. थोमाने तेव्हा अंबाडीच्या पेंढ्या डोहात दगडांखाली भिजत घातल्या होत्या. सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत त्याला माती द्यावी लागली. सलोमीच्या पोटात तेव्हा तिसरं मूल होतं.

आता त्या काळची एक रीत होती. दोर वळणाऱ्याच्या घरात कुणी गेलं, की सुतक फिटेपर्यंत दोराला हात लावायचा नाही. रडत्या हाताने वळलेला दोर ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी मरण ओढून नेतो, अशी सगळ्या गावाची समजूत. थोमाच्या आजा-पणज्यांनी ही रीत पाळली होती, आणि येशूच्या नावात आल्यावरही ती कुणी सोडली नव्हती. पण अंबाडीला रीत कोण सांगणार? भिजलेली अंबाडी वेळेवर काढली नाही, तर वाख कुजतो आणि वर्षाची मेहनत डोहातच राहते.

तिसऱ्या दिवशी सलोमी लुगड्याचा काचा मारून डोहात उतरली. काठावरच्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. एकीने हटकलं तेव्हा ती पाण्यातूनच म्हणाली, "माझा माणूस गेला, बाई. म्हणून अंबाडी कुजायची थांबते का?"

तिने अंबाडी सोलली, वाख धुतला, वाळवला. योना लहान होता, पण एक टोक धरण्याइतका मोठा होता. सुतक फिटायच्या आत दोर तयार झाला. तिन्ही पदर सारखे, पीळ असा घट्ट की नखाचं टोकसुद्धा आत शिरेना.

बाजारात मात्र त्या दोराला कुणी शिवेना. पाटलाची आई गजराबाई जुन्या वळणाची, जिभेची तिखट. ती सगळ्यांदेखत म्हणाली, की हा दोर नेला तर माझी बैलजोडी दावणीलाच मरेल, त्यापेक्षा हिने तो स्वतःच्या घरात ठेवावा, तिथे मरण आधीच येऊन गेलंय. लोक हसले नाहीत, पण पुढेही कुणी झालं नाही.

सलोमीने दोर डोक्यावर घेतला आणि घरी आली. खुंटीला अडकवला आणि त्याच्यासमोर उभी राहून देवाशी बोलली. "मला विकता येईना, गावाला घेववेना. मग हा तुझा. कशाला लागेल ते तुझं तू बघ."

माघात बाळ झालं आणि चैत्राच्या आत गेलं. सलोमीने घरात होता तेवढा वाख काढला, दोर वळला आणि पहिल्या दोराच्या शेवटाला सांधला. पुढे दोन वर्षांनी रिबका गोवरात गेली. तिच्या वेळी तर सलोमीने घरातली अंबाडी संपल्यावर बांधावरचा घायपात कापून आणला आणि वळत राहिली. हाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. त्या दोराच्या एका पदरात अजून तांबूस डाग दिसतो, असं म्हणतात.

योना आता जाणता झाला होता. त्याने विचारलं, "आई, कुणी घेणार नाही हे माहीत असून का वळतेस?"

"हात थांबले की मी देवाशी भांडत बसते, बाबा. वळताना निदान बोलणं होतं."

पण एक गोष्ट झाली. रिबका गेल्यापासून सलोमीचं गाणं बंद झालं. ती रविवारी देवळात यायची, पहिल्या ओळीत बसायची, सगळे भजनाला उभे राहिले की उभी राहायची, आणि ओठ मिटलेले. पाळकबाबा भले गृहस्थ होते. ते एकदा घरी आले आणि हळूच म्हणाले, की बाई, देवावर राग आहे का. सलोमीने त्यांना गूळपाणी दिलं आणि सांगितलं, "राग आहे की नाही ते त्याला ठाऊक. गळा मिटलाय, पण पाय देवळाकडेच चालतात. सध्या तेवढ्यावर भागवून घे म्हणावं."

सुतक फिटल्यावर वळलेली दावी आणि कासरे गाव तिच्याकडूनच घ्यायचं, कारण तसा पीळ दुसरीकडे मिळत नव्हता. पण खुंटीवरच्या दोराची थट्टा व्हायची. पोरं योनाला विचारायची, तुझी आई आभाळाला दावं बांधणार आहे का रे. योनाला ते फार लागायचं. एक दिवस तो आईला म्हणाला, की जाळून टाक तो दोर. ती म्हणाली, की दिलेली वस्तू मी कशी जाळू. योना रागावला. या घरात दोराला पुन्हा हात लावणार नाही, असं म्हणाला. त्याने घर सोडलं नाही, पण धंदा सोडला. तो विहिरी खणणाऱ्यांच्या टोळीत गेला. मग काय, योना खाली उतरला की सलोमीचा जीव विहिरीच्या काठावर. एवढं एकच लेकरू तिच्याजवळ उरलं होतं, आणि ते रोज जमिनीच्या पोटात जात होतं.

पुढे ओळीने तीन पावसाळे कोरडे गेले. ओढा आटला, डोह फुटक्या परातीसारखा भेगाळला. गावविहिरीत तळाला काळा खडक दिसायला लागला. त्या विहिरीवर ओढ्यापलीकडच्यांना चढायची मुभा नव्हती. त्यांनी खाली घागर ठेवायची आणि वरून कुणी ओतेल तेवढं न्यायचं. पण खडक फोडायला मात्र योनालाच बोलावलं. पाटलाचा धाकटा मुलगा सर्जेराव हौसेने त्याच्याबरोबर उतरला.

दोघांनी दिवसामागून दिवस खडक फोडला. विहीर इतकी खोल गेली, की वरून टाकलेल्या खड्याचा आवाज यायला एक श्वास लागायचा, असं म्हणतात. आणि एका दुपारी योनाची पहार खडकातून आरपार गेली. झरा फुटला. पण असा फुटला की बाजूची दरड सैल झाली आणि ते ज्याला धरून उतरायचे तो मोटेचा नाडा घेऊन खाली कोसळली. दोघं एका कपारीवर चढून उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांपासून वर चढायला लागलं. ज्या पाण्यासाठी गाव तीन वर्षं तरसत होतं, तेच पाणी आता दोन पोरांना गिळायला निघालं.

गावातले सगळे दोर आले. दुष्काळाने वाळून ते ठिसूळ झाले होते. सांधले तर सांध्यात तुटत होते, आणि न सांधता एकही पुरत नव्हता. पाटील धावत ओढ्यापलीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो सलोमीच्या दारात उभा राहिला. त्याने काही विचारायच्या आधीच सलोमी खुंटीवरून दोर उतरवत होती.

विहिरीच्या काठावर गजराबाई आडवी आली. तिचाच नातू खाली होता, पण भीती मोठी वाईट. ती म्हणाली, "सलोमे, तीन मरणांवर रडून वळलाय तू तो. जित्या पोरांसाठी खाली सोडू नकोस गं."

सलोमीने दोराचं टोक तिच्या हातात दिलं. "रडून वळलाय, आत्याबाई. पण सैल नाही वळला. हात लावून बघा."

म्हातारीने पीळ चाचपला आणि ती बाजूला झाली.

दोर खाली जायला लागला. थोमाचा दोर संपला, बाळाचा लागला. बाळाचा संपला, रिबकाचा लागला. शेवटचा वेढा सुटला आणि खालून योना ओरडला, की अजून हातभर कमी आहे. सलोमीने डोळे मिटले. ती देवाला एवढंच म्हणाली, की तुला दिलेला आहे, आता तू पुरव. आणि दोर लांबला. वर माणसांच्या हातात तेवढाच होता, पण खाली पोचला. कुणी म्हणतं ओल लागून पीळ सुटला असेल. पण ओल्या दोराचा पीळ आवळतो, सुटत नाही, हे दोर वळणाऱ्यांच्या तान्ह्या पोरालाही कळतं. काठावरच्यांनी तर सांगितलं, की ओढणाऱ्यांच्या पुढे कुणीतरी आणखी एक जण दोराला हात घालून उभा होता, आणि उन्हात त्याची सावली पडत नव्हती. सलोमीला कुणी विचारलं, तर ती म्हणायची, की मी डोळे मिटले होते.

दोघांनी एकदमच दोर धरला, कारण एकाला मागे ठेवायला योना तयार नव्हता. सगळं गाव ओढत होतं, गजराबाईसुद्धा. एक तंतू तुटला नाही. दोघं काठावर आले, आणि योनाने ज्या दोराला हात लावणार नाही म्हटलं होतं, तो त्याच्या मुठीतून सुटेना. सलोमीने त्याची बोटं एकेक करून उघडली. तेव्हा, असं म्हणतात, तिच्या तोंडून गाणं बाहेर आलं. आवाज खरखरीत झाला होता. तरी माणसं तशीच उभी राहून ऐकत राहिली.

पाणी काठापासून हात पोचेल इतकं वर आलं. पहिली घागर त्याच दोराला बांधून भरली, आणि गजराबाईने ती सलोमीच्या हातून घेऊन सगळ्यांदेखत पिऊन टाकली. त्यानंतर त्या विहिरीवर कुणी कुणाला वरून ओतलं नाही.

तो दोर आता बोरखडीच्या देवळातल्या घंटेला आहे. कुडाचं देऊळ जाऊन दगडाचं आलं, दोर तोच. गावात कुणाच्याही घरी मरण झालं, मग घर कुठल्याही देवाचं असो, शेजारी सांत्वनाला अंबाडी घेऊन जातात. घरातली माणसं बसून हातभर दोर वळतात आणि देवळातल्या दोराला आणून सांधतात. घंटेखाली त्याचं मोठं वेटोळं पडलंय. ते कुणी कापत नाही. आणि गावात मूल जन्मलं, की त्याची मूठ पहिल्यांदा त्या दोरावर ठेवतात.

अशी पहिली मूठ ठेवली ती योनाच्या लेकीची. तिचं नाव रिबकाच ठेवलं होतं. घंटा वाजली आणि पोर दचकून रडायला लागली. सलोमीने तिला कडेवर घेतलं आणि गाणं म्हणत घरी नेलं. वाटेवरचा ओढा भरून वाहत होता, डोहात नवी अंबाडी भिजत होती, आणि त्या घरात पुढे कितीतरी वर्षं फक्त बारशी आणि लग्नंच झाली.